आमच्याकडे वर्गणी मागा

मराठीत व्हिडिओ करणाऱ्या सर्व मित्रमैत्रिणींना,



तुम्ही मला ओळखत नाही. मी मात्र तुम्हाला बऱ्यापैकी ओळखते. तुमच्यापैकी कुणाच्या ओट्यावर कोणता डबा कुठे असतो, कुणाच्या बांधावर कसलं झाड आहे, गड चढताना कुणाला कुठल्या टप्प्यावर दम लागतो, हे सगळं मला माहीत आहे. रात्रीची भांडी आवरून झाली की आमच्या घरात टीव्ही लागतो आणि त्यावर मालिकांऐवजी तुम्ही असता. गेली काही वर्षं असंच चाललं आहे.

हे पत्र पैशाविषयी आहे, म्हणून आडवळणं न घेता सांगते. तुम्ही एकत्र येऊन मराठी व्हिडिओंची एक सशुल्क सेवा सुरू करावी, तिची मालकी स्वतःकडे ठेवावी आणि आम्हा प्रेक्षकांकडे वर्षाची वर्गणी मागावी. मी ती भरेन. भरणारे आणखी पुष्कळ निघतील असं मला वाटतं. का वाटतं, ते पुढे येईलच.

नेब्युला नावाच्या सेवेची सभासद झाल्यावर हा विचार डोक्यात पक्का झाला. तुमच्यातल्या काहींना ती माहीत असेल, इतरांसाठी थोडक्यात लिहिते. यूट्यूबवर विज्ञान, इतिहास, कायदा, वाहतूक, सिनेमा अशा विषयांवर निबंधासारखे व्हिडिओ करणाऱ्या मंडळींनी २०१९ साली ती सुरू केली. डेव्ह विस्कस तिचे प्रमुख. रिअल इंजिनिअरिंग, वेंडोव्हर प्रॉडक्शन्स, लीगलईगल, फिलॉसॉफी ट्यूब ही तिथली गाजलेली चॅनल. वर्गणी वर्षाला साधारण ६० डॉलर. एखाद्या निर्मात्याने दिलेल्या दुव्यावरून गेलं तर बरीच कमी. जाहिरात नाही, आणि व्हिडिओच्या मध्येच थांबून कुणी एखाद्या ॲपची शिफारसही करत नाही. नफ्यातला निम्मा भाग निर्मात्यांना मिळतो, आणि ज्याचे व्हिडिओ जितका वेळ बघितले जातात त्या प्रमाणात तो वाटला जातो. उद्या कंपनी विकली गेली तर येणाऱ्या रकमेतही निर्मात्यांचा निम्मा वाटा राहील, असं चालकांनी जाहीर केलेलं आहे. २०२१ मध्ये क्युरिऑसिटीस्ट्रीम या माहितीपटांच्या कंपनीने नेब्युलात गुंतवणूक केली, तेव्हा तिचं मूल्य पाच कोटी डॉलरच्या वर धरलं गेलं. मूठभर यूट्यूबरांनी उभ्या केलेल्या संस्थेला ही किंमत दोन वर्षांत आली होती.

मी पैसे भरले ते जाहिरातींना कंटाळून. जाहिराती गेल्या, आणि आठवड्याभरात त्यांचा विसरही पडला. माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीने. तीच माणसं तिथे वेगळ्या चालीने बोलत होती. सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात सगळा मसाला ओतून टाकायची घाई नव्हती. एखादा नकाशा समजायला वेळ लागणार असेल तर तो पडद्यावर तेवढा वेळ राहत होता. ‘शेवटपर्यंत बघा, शेवटी एक गंमत आहे’ असं कुणी म्हणत नव्हतं, कारण बघणारा आधीच पैसे देऊन बसलेला होता.

रिअल इंजिनिअरिंगने तिथे एक मालिका केली आहे. ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं, त्यामागच्या जुळवाजुळवीची. लढाईचा थरार सगळेच दाखवतात. इथे प्रश्न वेगळे होते: बंदर हाताशी नसताना एवढं सामान किनाऱ्यावर उतरवायचं कसं, भरती-ओहोटीचं गणित कुणी मांडलं, तरंगती बंदरं बांधून समुद्रातून ओढत कशी नेली. युद्धाचा विषय जाहिरातदारांना नकोसा असतो आणि असली सविस्तर मालिका खर्चिक असते. जाहिरातीच्या भरवशावर ती करायला कोण धजावेल?

याहून जास्त मला भिडलं ते एक नाटक. फिलॉसॉफी ट्यूब हे चॅनल चालवणाऱ्या ॲबिगेल थॉर्न यांनी ‘द प्रिन्स’ नावाचं नाटक लिहिलं. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’मधली पात्रं त्यात आहेत. २०२२ मध्ये लंडनच्या सदर्क प्लेहाउस या छोट्या नाट्यगृहात ते झालं, आणि त्याचं चित्रीकरण नेब्युलावर आलं. यूट्यूबवर तत्त्वज्ञान समजावून सांगणाऱ्या एका बाईने नाटक लिहावं, ते रंगभूमीवर यावं आणि हजारो मैलांवरच्या माझ्यासारखीला घरात बसून नीट बघता यावं, याची सोय वर्गणीदारांच्या पैशातून झाली. ते बघताना मला सारखी आपल्याकडची नाटकं आठवत होती. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण या पत्रातली माझी सगळ्यात मोठी मागणी तीच आहे.

आधी तुमच्या कामाबद्दल. तक्रार म्हणून लिहीत नाही, काळजीने लिहिते आहे. गेल्या काही वर्षांत तुमच्यातल्या अनेकांचे व्हिडिओ बदलत गेले आहेत. सहा मिनिटांत संपणारी पाककृती नऊ मिनिटांवर गेली. यूट्यूबवर आठ मिनिटांहून लांब व्हिडिओच्या मध्ये जाहिराती टाकता येतात. २०२० च्या जुलैपूर्वी ही मर्यादा दहा मिनिटांची होती. गडावरच्या पाण्याच्या टाक्यांविषयी सुरेख बोलणारा एक जण आता ‘या गडावर रात्री काय घडतं’ असं थंबनेलवर लिहितो, आत मात्र बोलतो टाक्यांविषयीच. शेतीचं चॅनल चालवणाऱ्या एकाने एका पिकाचा पूर्ण हंगाम दाखवायला घेतला होता. तिसऱ्या भागानंतर तो थांबला आणि ‘एकरी लाखोंचं उत्पन्न’ या वळणाचे व्हिडिओ सुरू झाले. तो लोभी झाला असं मी मुळीच मानत नाही. तिसऱ्या भागाला प्रेक्षक कमी आले असणार, आणि कॅमेरा धरणाऱ्या मुलाचा पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो.

हे नियम तुम्ही केलेले नाहीत. यूट्यूब २००५ साली सुरू झालं, पुढच्याच वर्षी गूगलने ते विकत घेतलं आणि २००७ पासून जाहिरातींच्या उत्पन्नात निर्मात्यांना वाटा मिळू लागला. लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के आज तुम्हाला मिळतात. जगात लाखो लोकांची पोटं त्यावर चालतात आणि मराठीत तुमच्यासारखी माणसं उभी राहिली तीही त्याच्यामुळेच, हे मी विसरत नाही. पण त्या पैशाचा मालक जाहिरातदार आहे. २०१७ च्या सुरुवातीला लंडनच्या ‘द टाइम्स’ने दहशतवादी आणि द्वेष पसरवणाऱ्या व्हिडिओंसोबत मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिराती दिसतात हे उघडकीला आणलं. कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या आणि ज्यांचा त्या प्रकाराशी काडीचा संबंध नव्हता अशा हजारो निर्मात्यांचं उत्पन्न रातोरात खाली आलं. पुढच्या जानेवारीत नियम आला: हजार सबस्क्राइबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जाणं, हे पुरं झाल्याशिवाय जाहिरातीचा पैसा नाही. नेब्युलाच्या मंडळींनी वेगळं घर बांधायचा विचार केला तो या धक्क्यांनंतरच.

आणि आपल्या विषयांचं काय होतं? शेतकऱ्याच्या आत्महत्येवर बोलायचं, बाललैंगिक अत्याचारावर पालकांशी बोलायचं, दंगलीचा इतिहास सांगायचा म्हटलं की व्हिडिओवर जाहिराती मर्यादित होण्याची भीती असते. भारतातल्या प्रेक्षकामागे मिळणारा जाहिरातीचा दर अमेरिकेतल्या प्रेक्षकाच्या मानाने फारच कमी, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यात मराठी. विदर्भातल्या एखाद्या घराची कहाणी संयमाने, महिनाभर राहून, घरच्यांच्या संमतीने सांगणाऱ्याला या बाजारात जागा नाही. तरीही तुमच्यातले काही जण ते करतात. पदरचे पैसे घालून करतात, आणि मग सहा महिने दुसरं काही करू शकत नाहीत.

‘मग आमच्या चॅनलची मेंबरशिप घ्या की,’ असं तुमच्यातलं कुणी म्हणेल. मी घेतलेल्या आहेत. ही सोय २०१८ पासून आहे आणि तिच्यातले ७० टक्के तुम्हाला मिळतात, हे चांगलंच आहे. पण मी तुमच्यातल्या वीस-बावीस जणांना बघते. प्रत्येकाला महिन्याला काही ना काही द्यायचं तर आमच्या घराचं अंदाजपत्रक कोलमडेल. म्हणून मी दोघांना देते आणि उरलेल्यांकडे फुकट बघते, आणि मनाला ते लागत राहतं. शिवाय मेंबरशिप घेतली तरी मी असते त्याच अंगणात. शेजारी तीच थंबनेलं, व्हिडिओ संपला की तीच पुढची रांग. तुम्हालाही नियम तेच. चाहत्यांनी दरमहा निर्मात्याला थेट पैसे द्यायच्या पॅट्रिऑनचं म्हणाल तर ती कल्पना मला फार आवडते. जॅक कॉन्टे या संगीतकाराने खूप खर्च करून एक व्हिडिओ केला, त्याचे जाहिरातींतून किरकोळ पैसे येणार हे त्याला दिसलं, आणि २०१३ साली त्याने सॅम यॅमबरोबर ती सेवा सुरू केली. पण परदेशी सेवेला दरमहा कार्डावरून पैसे देणं भारतातून सोपं राहिलेलं नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांचे नियम कडक झाले: आधी नोंदणी हवी, पैसे जाण्याच्या २४ तास आधी सूचना हवी. ग्राहकासाठी नियम योग्यच आहे. पण कित्येक परदेशी सेवांचे हप्ते त्यामुळे अडकले. माझ्याही कार्डावरून एकदा हप्ता गेला नाही आणि ज्या मुलीला मी मदत करत होते तिला वाटलं, मी सोडून गेले.

देशी सेवेला हा अडथळा नाही. यूपीआयवरून ठरावीक तारखेला पैसे वळते करायची सोय २०२० पासून आहे आणि आमच्या गल्लीतला दूधवालाही यूपीआय घेतो. वर्षातून एकदा पाचसहाशे रुपये भरायला आज कुणालाही क्रेडिट कार्ड लागत नाही. नेब्युला सुरू करणाऱ्यांच्या हाताशी नव्हतं असं एक साधन तुमच्याकडे आहे.

आता एका अपयशाबद्दल, कारण त्यातून घ्यायचं ते आधीच घेतलेलं बरं. नेब्युलाच्या आधी व्हेसल नावाची सेवा होती. हुलू या अमेरिकी व्हिडिओ सेवेचे पहिले प्रमुख जेसन किलार यांनी २०१५ मध्ये ती लोकांसाठी खुली केली. महिन्याला तीन डॉलरला एक सेंट कमी. बोली अशी की यूट्यूबवरच्या लोकप्रिय निर्मात्यांचे व्हिडिओ तिथे तीन दिवस आधी दिसतील. दीड वर्षात खेळ आटोपला. २०१६ च्या ऑक्टोबरात व्हेरायझन या दूरसंचार कंपनीने ती विकत घेतली आणि बंद केली. भांडवल भरपूर होतं, माणसं हुशार होती. पण जी गोष्ट चौथ्या दिवशी फुकट मिळणार तिच्यासाठी किती जण पैसे देतील? लवकर दाखवणं ही वरची भेट म्हणून ठीक. नेब्युलावरही ‘जेट लॅग’ या खेळाचे भाग आठवडाभर आधी येतात. युरोपात आगगाड्यांतून पाठलाग, जपानभर लपाछपी, आमची मुलगी त्याच्यावर जीव टाकते. पण केवळ तेवढ्यावर सेवा उभी नाही. दुसरीकडे न होणारी कामं तिथे होतात.

म्हणून तुम्हाला विनंती: आज जे फुकट आहे त्याला कुलूप लावू नका. चकलीची भाजणी कशी करायची, सातबारा कसा वाचायचा, दहावीचं गणित, हे सगळं यूट्यूबवर मोकळंच राहू द्या. ज्या मुलीकडे महिन्याचा रिचार्ज करायलाही जेमतेम पैसे आहेत तिचा त्यावर हक्क आहे. आमच्या वर्गणीतून ते करा, जे तुम्हाला आज करताच येत नाही.

काय करता येईल? मी मागणारी आहे, तेव्हा मनात आहे ते मागून टाकते.

पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून भरते आहे. दर पावसाळ्यात महाविद्यालयातली मुलं पोर्चमध्ये, जिन्याखाली, मिळेल त्या वर्गात तालमी करून एकांकिका उभ्या करतात. त्यातून आपली केवढी नटमंडळी, लेखक, दिग्दर्शक आले! पण एकांकिका होते, टाळ्या पडतात आणि ती संपते. बारा-पंधरा प्रयोग झाले तर नशीब. नंदुरबारच्या किंवा गडहिंग्लजच्या मुलाला ती बघायला मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी तोच मुलगा आपल्या गावात एकांकिका बसवतो तेव्हा त्याच्यासमोर नमुना असतो तो मालिकांचा. यातल्या निवडक एकांकिका, लेखकाची रीतसर परवानगी घेऊन आणि मानधन देऊन, तीन कॅमेऱ्यांवर नीट चित्रित करा. आवाज स्वच्छ हवा. मोबाइलवर घेतलेल्या नाटकांत तोच नसतो. सोबत दिग्दर्शकाशी अर्धा तास गप्पा. हे एकच काम वर्षभर केलंत तरी मी वर्गणी भरेन. प्रायोगिक नाटकांचंही तसंच. शंभर खुर्च्यांच्या जागेत वीस प्रयोग करून थांबलेलं चांगलं नाटक दोन हजार माणसांनी बघितलं, आता पुढे कुणी बघणार नाही, हे मला सहन होत नाही.

मग शेती. एक शेत, एक कुटुंब, मृगापासून सुगीपर्यंत. बियाणं कितीला आणलं, उसनवारी कुणाकडे केली, पावसाने कधी ओढ दिली, फवारणीवर किती गेले, आडतीवर भाव काय निघाला. आकड्यांसकट, नफा झाला तर नफा, तोटा झाला तर तोटा. त्या घराला वर्षभराचं मानधन द्या, कारण तुम्ही त्यांचा वेळ आणि त्यांचं खाजगीपण घेणार आहात. असं मराठीत कुणी केलं तर मुंबईतला ग्राहक कांद्याच्या भावाबद्दल बोलताना थोडा थांबेल.

बोलीही मागते. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली यांचे व्हिडिओ आज आहेत, पण बहुतेक विनोदी, कारण विनोदाला व्ह्यूज मिळतात. अहिराणीत एखादी आजी आपल्या माहेरच्या विहिरीबद्दल गंभीरपणे वीस मिनिटं बोलेल, खाली प्रमाण मराठीत ओळी येतील, असं काही हवं आहे. आणि खालच्या त्या ओळी सगळ्याच व्हिडिओंना द्या. माझ्या नात्यातल्या एका मुलाला ऐकू येत नाही. त्याला मराठी उत्तम वाचता येतं, तरी तो इंग्रजी व्हिडिओ बघतो, कारण तिथे लिहिलेलं असतं.

आता हिशेब मांडते. मी घरखर्चाची वही लिहिणारी बाई आहे, कंपन्यांचे ताळेबंद मला कळत नाहीत, पण बेरीज-वजाबाकी जमते. समजा वर्षाची वर्गणी ६०० रुपये आणि वर्गणीदार वीस हजार. एक कोटी वीस लाख झाले. त्यात धरलेला १८ टक्के जीएसटी सरकारला गेला की साधारण एक कोटी एक लाख सत्तर हजार उरतात. निम्मे सेवा चालवायला धरले (साठवणूक, ॲप, माणसं, चोरून व्हिडिओ उतरवणाऱ्यांचा बंदोबस्त) तर तुमच्या वाट्याला पन्नास लाख. पंचवीस चॅनल असली तर सरासरी दोन लाख. फार नाही. कुणी नोकरी सोडावी एवढे तर अजिबातच नाहीत. पण दोन लाखांत एकांकिका चित्रित होतात, आणि एका शेताच्या हंगामाचा प्रवासखर्च निघतो. वीस हजारांचे पन्नास हजार झाले तर चित्रच पालटेल. ॲपच्या दुकानांतून वर्गणी घेऊ नका. ॲपलसारख्या कंपन्या पहिल्या वर्षी ३० टक्क्यांपर्यंत कापून घेतात. स्वतःच्या संकेतस्थळावर घ्या. तंत्राचीही फार धास्ती नको. ड्रॉपआउट ही विनोदी कार्यक्रमांची सेवा तयार मिळणाऱ्या भाड्याच्या तंत्रावर चालते. सॅम राइक यांनी ती २०२० मध्ये हातात घेतली तेव्हा मूळ मालकाने पाठिंबा काढून घेतला होता आणि जवळजवळ सगळ्या माणसांना घरी जावं लागलं होतं. तिथून ती वर आली. पुढे नफा झाल्यावर त्यांनी त्यातला वाटा कलाकार आणि तंत्रज्ञांनाही दिला. तुमचे संकलक, कॅमेरा धरणारे, खालच्या ओळी लिहिणारे यांचाही वाटा पहिल्या दिवसापासून कागदावर लिहून ठेवा. पुढे मोठं झाल्यावर हे लिहिणं अवघड जातं.

मालकी सहकारी संस्थेची असावी की कंपनीची, हे जाणकारांना विचारून तुम्हीच ठरवा. माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. वर्षाचा जमाखर्च वर्गणीदारांना दाखवा. आणि कुणाला बोलवायचं हे पुण्या-मुंबईतल्या चार मित्रांनी आपसात ठरवू नका. नेब्युलावर निमंत्रण लागतं आणि दर्जा टिकतो तो त्यामुळे, हे मला मान्य आहे. आपल्याकडे मात्र निमंत्रण ओळखीतून जातं आणि ओळखी जातीच्या, शहराच्या, कॉलेजच्या कुंपणात फिरतात. परभणीची, गडचिरोलीची, बेळगावची, पणजीची माणसं पहिल्या यादीत हवीत. भटक्या-विमुक्तांच्या वस्तीत राहून व्हिडिओ करणारा तरुण हवा, आणि त्याने केवळ वस्तीविषयीच बोलावं अशी अपेक्षा नको. त्याला क्रिकेटबद्दल बोलायचं असेल तर क्रिकेट.

ही माझी स्वप्नरंजनाची हौस नाही, कारण मराठी वाचकाने असं आधी केलेलं आहे. १९७४ साली दिनकर गांगल आणि त्यांच्या सोबत्यांनी ग्रंथाली सुरू केली ती वाचकांची चळवळ म्हणून. वाचक सभासद व्हायचे, त्यांना पुस्तकं कमी किमतीत मिळायची आणि प्रकाशनाला आधार मिळायचा. १९७८ मध्ये ग्रंथालीने दया पवारांचं ‘बलुतं’ काढलं, १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’. दोन्ही पुस्तकांनी मराठी वाचकाला पार हलवलं. ती पुस्तकं ज्यांनी आगाऊ विश्वास टाकून घेतली त्यांत गावोगावचे शिक्षक होते, बँकेतले कारकून होते, एसटीतली माणसं होती. त्याच्याही कितीतरी आधी, १९०९ साली, का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि शंभरावर वर्षं झाली तरी आपण दिवाळीत फराळाबरोबर अंक विकत आणतो. मराठी माणूस वाचण्या-बघण्यासाठी पैसे देत नाही, असं जे सर्रास बोललं जातं, ते मला पटत नाही. नाटकाला तो पाचशेचं तिकीट काढतो. व्हिडिओसाठी त्याच्याकडे आजवर नीट मागितलेलंच नाही. मागितलंय ते फक्त लाइक, शेअर आणि घंटेचं बटण.

परदेशातल्या मराठी घरांनाही विचारा. न्यू जर्सीत, लंडनमध्ये, दुबईत मुलांना मराठी ऐकवायला धडपडणारे आईबाप आहेत. त्यांच्यासाठी वर्गणी जास्त ठेवा. ते आनंदाने देतील, आणि इथली वर्गणी कमी ठेवता येईल. शाळा आणि सार्वजनिक वाचनालयांसाठी वेगळा दर असावा. गावातल्या वाचनालयात मोठ्या पडद्यावर शनिवारी एकांकिका दाखवता आली पाहिजे, आणि त्याला तुमची लेखी परवानगी असली पाहिजे.

एक बारीकशी मागणी राहिली. वर्गणी बंद करायची असेल तर ती एका बटणावर बंद होऊ द्या. एका सेवेतून बाहेर पडायला मला फोनवर तीन माणसांशी बोलावं लागलं होतं. त्यानंतर कुठेही पैसे भरताना हात आखडतो. बाहेर पडायची वाट स्पष्ट दिसली की आत यायला माणूस बिचकत नाही.

तुमच्यातल्या पाच-सहा जणांनी आधी एकत्र बसावं. सगळ्यांची वाट बघत राहिलात तर वर्ष निघून जाईल. आकडे मांडा, काय करणार ते लिहून काढा आणि तुमच्या नेहमीच्याच चॅनलवरून आम्हाला सांगा: इतके वर्गणीदार या तारखेपर्यंत झाले तर सुरू करू, नाही झाले तर प्रत्येकाचे पैसे परत. ग्रंथालीच्या काळी पोस्टाने मनीऑर्डरी येत होत्या. आता एका संध्याकाळीत आकडा कळेल. पुरुषोत्तमच्या प्राथमिक फेऱ्या पावसाळ्यात असतात, त्याआधी लेखकांच्या परवानग्या आणि कॅमेऱ्यांची सोय व्हायला हवी. म्हणजे तुमची पहिली बैठक या उन्हाळ्यातच व्हायला हवी. जागा नसेल तर नाशिकला आमच्या वाचनालयाचं सभागृह रविवारी रिकामं असतं. चहापाण्याचं मी बघेन.

तुमची,
नाशिकची एक प्रेक्षक